नळाशेजारची बैठक

क्लेगडेन, लँकेशर
रविवार, २२ नोव्हेंबर १९८१

प्रिय हेटी,

तुझं पत्र मंगळवारीच पोचलं. उत्तराला उशीर झाला तो आळसामुळे नव्हे. गेल्या पत्रात म्हटलं होतं ती गोष्ट मला आधी करून बघायची होती आणि मगच लिहायचं होतं. ती काल केली. सात वर्षांनी पुन्हा गळ टाकला, आणि तोही आपल्याच गिरणीच्या तळ्यात.

हसू नकोस. काठी माळ्यावरून काढली, पितळी कड्या घासल्या, तंगुसाचा दोरा नवा भरला. ठेवून दिलेला तंगूस ठिसूळ होतो हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. पाण्यावर तरंगणारी काडी मात्र जुनीच, कावळ्याच्या पिसाची, मी स्वतः तासलेली. आमिषाच्या अळ्या कोंड्यात घोळवून, रंगासाठी हळद लावून रात्रभर थंड जागी ठेवल्या. हळद त्या वेलिंग्टन स्ट्रीटवरच्या मिस्टर मुनशींकडून आणली. अर्धा पौंड मागितली, तर म्हणाले, "एवढी हळद? घरात लग्न निघालंय का, मिस्टर पिलिंग?" मी म्हटलं, "अळ्यांचं." ते हसले नाहीत. माझा विनोद लोकांना उशिरा कळतो.

आता महत्त्वाचं. बाकीचे लोक तळ्यावर येतात नि कोरडी जागा बघून बसतात. मी गळाला शिशाचा गोळा अडकवून आधी तळ मोजतो. आपली गिरणी चालू होती तेव्हा माझ्या इंजिनाचं गरम पाणी नळातून तळ्याच्या फाटकाकडच्या कोपऱ्यात पडायचं, तुला आठवत असेल. आजूबाजूला बर्फ पडला तरी तो कोपरा वाफाळलेला. मासे तिथे आणि माणसंही तिथेच, खांद्याला खांदा लावून. पण इंजिन थांबलं आणि नळ मेला. आता थंडीत मासा जाणार कुठे? जिथे पाणी सर्वांत खोल आहे तिथे, म्हणजे पलीकडच्या धरणभिंतीखाली. हे मला कोणी शिकवलं नाही. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली. पाणी गरम कसं होतं आणि थंड कसं होतं एवढं मात्र मी पुस्तकं आणून शिकलो.

तर मी तिथल्या, खोल पाण्यावरच्या बैठकीवर बसलो. जागा मोकळीच होती. पहिल्या अर्ध्या तासात काडी बुडाली. रोच, लाल परांचा, हाताच्या तळव्याएवढा. मग दुसरा. नोव्हेंबरात मासा असा भुकेला असत नाही, जणू कोणी ताटं मांडून ठेवली होती! सगळे जाळीच्या पिशवीत ठेवले, निघताना मोजले आणि सोडून दिले.

आणि कोण होतं तिथे, सांगू? आपला एमॉस. सख्खा भाऊ आपला, आणि बसला होता कुठे? त्या मेलेल्या नळाशी! दिवसभर त्याची काडी हलली नाही. चाळीस वर्षं मासे पकडणारा माणूस, पण इंजिन बंद झाल्याची बातमी याच्या अजून डोक्यात शिरलेली नाही.

तू विचारलं आहेस की नाताळच्या आधी मी त्याच्याशी बोलणार का. हेटी, इंजिन मी थांबवलं ते मॅनेजरच्या लेखी हुकुमावरून. गिरणी वाचवायची संघटनेची बोलणी सोमवारपर्यंत लांबली म्हणून पेटता बॉयलर शनिवार-रविवार बिनराखणीचा कोण ठेवतो? एमॉस गिरणीच्या दारात सगळ्यांसमोर मला म्हणाला, "क्लेम, आग राहू दे." मी विझवली. मी चुकलो नाही. मग त्या हिवाळ्यात पाणी थंड पडलं, तळ्यातले सोनेरी मासे मेले, आणि याने ते बादलीत भरून माझ्या दारात आणून ठेवले. माझ्या दारात. बादली भरून. बोलायचं तर त्याने बोलावं.

आमच्या तळ्याचा रिवाज तुला ठाऊक आहे. काठावरून जाणाऱ्याने बसलेल्याच्या मागे थांबून विचारायचं, "काही हलतंय का?" आणि बसलेल्याने उत्तर द्यायचं, मग वैरी का असेना. न विचारता गेलं तर ते थुंकल्यासारखं होतं. फाटकातून आत यायचं तर एमॉसच्या पाठीमागूनच जावं लागतं. म्हणून त्याला लांबून पाहताच मी मागच्या गल्लीतून भिंत चढून उतरलो. जरा खाजरी झुडपं लागली, पण जमलं.

तुझा भाऊ,
क्लेम


फ्लीटवुड
२९ नोव्हेंबर

क्लेम,

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी भिंतीवरून उड्या मारतोस आणि वर पत्रात लिहून कळवतोस! पाय मोडला तर इथे येऊ नकोस पडायला. माझ्या घरात आधीच एक पुरुष दिवसभर आडवा असतो. विल्फची बोट अजून धक्क्याला बांधलेली आहे. आइसलंडच्या पाण्यात आपल्या बोटींना मासेमारी बंद झाल्यापासून निम्मं बंदर असंच बसून गंजतंय. बिचारा खिडकीत बसतो नि समुद्राला शिव्या देतो.

तुझं पत्र त्याला वाचून दाखवलं. म्हणतो, "पकडायचे, मोजायचे आणि परत सोडायचे? हे म्हणजे दुकानात जाऊन सगळे बूट घालून बघायचे आणि अनवाणी घरी यायचं." मी म्हटलं, आमच्याकडचे लोक असेच.

तू पुन्हा तळ्यावर जायला लागलास याचा मला किती आनंद झाला ते लिहीत नाही, नाहीतर तू मुद्दाम बंद करशील. पण एक ऐक, आणि तुझं ते तळ मोजणं जरा बाजूला ठेवून ऐक. एमॉसची छाती बरी नाही. माग चालवता चालवता आयुष्यभर जो कापूस ओढला आत, तो आता बाहेर यायला बघतोय. डॉक्टर काय म्हणाले ते मला त्याने सांगितलंय, आणि तुला सांगायचं नाही अशी बायबलवर शपथ घातली आहे. "क्लेमला कळलं तर तो कीव करत येईल, मला त्याची कीव नको," म्हणाला. म्हणून मी सांगत नाही. पण पुढच्या हिवाळ्यावर भरवसा ठेवू नकोस, एवढं लिहिलं तर शपथ मोडत नाही.

तुम्हा दोघांना मी कडेवर घेतलंय रे. दोघंही सारखेच चावायचे.

भिंत सोड. फाटकातून जा. तीन शब्द विचारायचेत. त्याला उत्तर द्यावंच लागेल, रिवाज आहे तुमचा. नाताळला दोघांनी माझ्या टेबलाशी बसावं एवढं एकच मला हवंय, आणि मी फार काही मागत नाही कधी.

हेटी

ता.क. हळदीची युक्ती तुझी नाही. आईने पिवळ्या लोणच्यासाठी ठेवलेली हळद बाबा चोरून न्यायचे नि अळ्यांना लावायचे. आईने लाटण्याने हाणलं होतं त्यांना. तू पाळण्यात होतास.


क्लेगडेन
६ डिसेंबर १९८१

प्रिय हेटी,

हळदीबद्दलची दुरुस्ती मान्य. प्रमाण मात्र माझं आहे.

या आठवड्यात तळ्यावर तीनदा गेलो. काल दिवसभरात जाळीची पिशवी अशी भरली की उचलताना दांडी वाकली. रोच, एक-दोन पर्च, आणि अंधार पडायच्या सुमाराला एक ब्रीम, थाळीएवढा, काळसर पितळेच्या रंगाचा. असा मासा हाताला लागतो तेव्हा तो ओढत नाही, नुसता जड होतो, ओली पोती ओढल्यासारखा. पाण्यात सोडला तर क्षणभर माझ्याकडे कूस करून थांबला आणि मग गेला. घरी येऊन थंड मटण खाल्लं आणि किती महिन्यांनी इतकी छान झोप लागली!

काठावर सगळे येऊन बघून जातात. म्हातारा जेथ्रो म्हणाला, "क्लेम, ही जागा तुला कशी सापडली?" मी त्याला शिशाचा गोळा दाखवला. समजावून सांगितलं, पाणी थंड होताना काय होतं, जड पाणी खाली कसं बसतं. तो म्हणाला, "अच्छा," आणि एमॉसकडे बघून काहीतरी पुटपुटला. त्याला अर्धं कळलं नसणार.

एमॉस रोज असतो. नळाशी. अजून एक मासा नाही. लांबून दिसतं सगळं. फाटकातून आत येतो, दोन पावलं टाकतो, फाटकाचा खांब धरून उभा राहतो, जणू तळ्याची मालकी तपासतोय. पुन्हा दोन पावलं. मुद्दाम. मी बघतोय हे त्याला ठाऊक असतं. मग टोपलीवर बसतो आणि काठी हातात घ्यायच्या आधी किती तरी वेळ नुसता बसून राहतो. पहिल्यापासून सावकाश. शाळेतही उशीर, चॅपेलमध्येही उशीर.

आणि गंमत ऐक. मिस्टर मुनशींकडे परत हळदीला गेलो, तर ते म्हणतात, "आणखी एक साहेब नेतात. सप्टेंबरपासून. भुवया अगदी तुमच्यासारख्या. तुम्ही दोघं मिळून रांधता तरी काय?" म्हणजे एमॉसही हळद लावतो! अळ्या पिवळ्या करून मेलेल्या नळाला वाढतो. मला हसू आलं, आणि मग जरा वेळाने आलं नाही.

तू त्याच्या छातीबद्दल लिहिलंस ते वाचलं. खोकतो हे खरं. पाण्यावर आवाज लांबवर येतो. पण कापूसगिरणीत खोकला कोणाला नाही? मी इंजिनघरात होतो म्हणून वाचलो, आणि तेही त्याने मला ऐकवलेलं आहे, जणू स्वच्छ हवा मी चोरली होती.

तीन शब्द म्हणतेस. सोपे वाटतात. भिंतीच्या वर चढून मी काल जरा थांबलो होतो. तिथून फाटकाकडची वाट दिसते. मग खोल बैठकीकडे उतरलो. मासे वाट बघत होते.

क्लेम


फ्लीटवुड
१५ डिसेंबर

क्लेम,

हात गारठलेत, थोडक्यात लिहिते. इथे धक्क्यावरच्या दोरांना बर्फाच्या दाढ्या आल्या आहेत. विल्फ म्हणतो अशी थंडी त्याने फक्त उत्तरेच्या समुद्रात पाहिली.

नाताळला या. दोघंही. त्यालाही लिहिलंय. बस चालू असल्या तर चोवीस तारखेला या. एकाच बसने आलात तरी शेजारी बसा असं मी म्हणत नाही. एक पुढच्या बाकावर, एक मागच्या, चालेल मला. हंस घेतलाय. सुंठ घातलेला काळा केक केलाय, तुझ्या आवडीचा, आणि त्याच्याही. लहानपणी एकाच तुकड्यावरून मारामारी करायचात, आता दोन केलेत.

तो फाटकाच्या खांबाला धरून उभा राहतो, ते तू लिहिलंस. पुन्हा एकदा वाच तू स्वतः काय लिहिलंस ते. तुला सगळं दिसतं क्लेम, तळाची खोली दिसते, काडी केसभर हलली तरी दिसते.

याहून जास्त लिहिलं तर शपथ मोडेल.

हेटी


क्लेगडेन
२८ डिसेंबर १९८१

प्रिय हेटी,

हंसाबद्दल आणि केकबद्दल वाईट वाटतं. चोवीस तारखेला बस स्थानकावर गेलो होतो. गावाबाहेरचा रस्ता बर्फाने बंद आहे असं सांगितलं. नंतर दुपारी एक बस सुटली असं ऐकलं, पण तोवर मी घरी आलो होतो. एमॉस स्थानकावर नव्हता. मी पाहिलं होतं. तो तुझ्याकडे येऊन गेला असेल तर तसं कळव.

तळं गोठलं. काठापासून काठापर्यंत. वरून बर्फ भुरभुरून ते पांढरं शेत झालंय. काही पोरं घण घेऊन बर्फ फोडायला आली होती, त्यांना मी हाकललं. घणाचा दणका पाण्यातून जातो आणि खाली स्वस्थ बसलेला मासा त्याने मरतो. भोक पाडायचं तर गरम पाण्याचं भांडं बर्फावर ठेवावं आणि ते आपल्या वजनाने, आपल्या वेळाने उतरू द्यावं. मी तीन भांडी नेली किटलीसह आणि खोल बैठकीपुढे एक भोक पाडलं. मासेमारीसाठी नव्हे, माशांना श्वास मिळावा म्हणून.

आणि एमॉस होता, हेटी. गोठलेल्या तळ्यावर! काठी गवसणीतच. टोपलीवर बसून, अंगावर त्याचा तो सैन्यातला कोट, नुसता पांढऱ्याकडे बघत. दुसरं कोणी नव्हतं. तो आणि मी आणि मधे ते तळं. आता काय पकडायला आला होता, देव जाणे. मी भांडी घेऊन निघालो तेव्हा त्याने मान थोडी वळवली. फाटकाच्या बाजूला नाही, मी ज्या भिंतीवरून जातो तिकडे. मला वाटलं काही म्हणेल. त्याला खोकला आला.

एक किटली उरली होती गरम. ती मी नळाकडच्या कोपऱ्यात ओतावी असं मनात आलं. इंजिनवाल्याला पाणी गरम करायची सवय असते. मग वाटलं, तो म्हणेल, सात वर्षांनी जाग आली. घरी आणली नि त्यात चहा केला.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा. विल्फलाही.

क्लेम


क्लेगडेन
९ जानेवारी १९८२

हेटी,

हे पत्र लहान आहे. आज तळ्यावर गेलो. एमॉसची टोपली नळाशी आहे. तो नाही. टोपलीवर बर्फ साचलेला आहे, म्हणजे आजची नव्हे. तो आपली टोपली कधी टाकून जात नाही. बाबांची टोपली आहे ती.

मी गोठलेल्या काठाने चालत तिकडे गेलो. बर्फ झटकला. आत थर्मास आणि डब्यात अळ्या, पिवळ्या, गोठून काड्यांसारख्या झालेल्या. पावाच्या चुऱ्याची पिशवी, भिजवलेलं भांगेचं बी. एवढा चारा कशाला? नळाशी मासा नाही आणि वर बर्फ.

मिस्टर मुनशी म्हणाले, "ते भुवयांवाले साहेब? त्यांना इस्पितळाची गाडी घेऊन गेली, बुधवारी. दुकानाच्या दारातच बसले होते." आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मला आधीच कळायला हवं होतं.

तुला ठाऊक असणार. मी विचारत नाहीये. पण तुला लिहायचं असेल तर लिही.

टोपली मी घरी आणली आहे. फाटकातून बाहेर आणली. भिंतीवरून टोपली नेता येत नाही.

क्लेम


फ्लीटवुड
१२ जानेवारी

क्लेम,

शपथ गेली चुलीत. देव माझं काय करायचं ते करो.

छातीने काम सोडलंय. इस्पितळात आहे, वरच्या मजल्यावर. डॉक्टरांनी ऑक्टोबरातच सांगितलं होतं, हा हिवाळा निघाला तर नशीब. खांबाला धरून उभा राहायचा तो मालकी तपासायला नव्हे रे गाढवा. त्याला श्वास पुरत नव्हता. फाटकापासून नळापर्यंतच येता यायचं त्याला.

पण ते शेवटी शेवटी. नोव्हेंबरात तो अजून धरणभिंतीपर्यंत जात होता. आता ऐक, आणि उभा असशील तर बस.

खोल बैठक त्याची होती. सप्टेंबरपासून तिथेच बसायचा. तळ त्यानेही मोजला होता, तुझ्यासारखाच शिशाच्या गोळ्याने, आणि तुझा तो गोळाही तू लहानपणी त्याच्याकडूनच घेतलास. रोज तिथे चारा टाकायचा, पाव आणि भांगेचं बी. म्हणून तुझे मासे ताटं मांडल्यासारखे वाट बघत होते. जेथ्रो काय पुटपुटला असेल ते तूच ओळख.

तू मला लिहिलंस की काठी माळ्यावरून काढणार आहेस. मी ते त्याला कळवलं. त्याचं पत्र माझ्यासमोर आहे. लिहितो, "क्लेमला पहिल्या दिवशी मासा लागला पाहिजे, नाहीतर तो पुन्हा काठी माळ्यावर टाकेल. मी जागा सोडतो. नळाशी बसतो. फाटकातून आला की त्याला माझ्या मागून जावं लागेल, आणि मग विचारावं लागेल. तो रिवाज मोडणार नाही, तो नियमाचा माणूस आहे."

आणि तू भिंतीवरून उडी मारलीस.

म्हणून तो रोज येत होता. गोठल्यावरही. तू येशील म्हणून. तुला वाटलं त्याला बातमी ठाऊक नाही.

मी येऊ शकत नाही, रस्ते बंद आहेत आणि विल्फ निमोनियाने झोपलाय. तू त्याच गावात आहेस. त्या इस्पितळाला भिंत असली तर ती चढू नकोस. दारातून जा.

हेटी


क्लेगडेन
१४ फेब्रुवारी १९८२

प्रिय हेटी,

अंत्यविधीला तू चॅपेलमध्ये माझा हात धरून विचारलंस, "बोललास ना?" मी मान हलवली. सगळे उभे होते, नंतरच्या जेवणाचा हॅम कापायचा होता, तू शेवटच्या बसने परत गेलीस. मान हलवून ते सांगितल्यासारखं होत नाही. म्हणून आता नीट लिहितो.

तुझं पत्र मला जानेवारीच्या चौदा तारखेला मिळालं. त्याच दुपारी गेलो. तो पलंगावर नव्हता. खिडकीशी खुर्चीत बसवला होता, नाकात नळी, पाठ माझ्याकडे. खाली मोटारी लावायची जागा, राखाडी चिखल. तो त्याच्याकडे बघत होता, जसा तळ्याकडे बघायचा. सात वर्षं मी त्याला सांगण्यासाठी बॉयलरच्या नियमांची वाक्यं तयार ठेवली होती, कलमासकट. ती सगळी तोंडाशी होती. मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"काही हलतंय का?"

तो वळला नाही.  मग म्हणाला,

"शेपूटही नाही."

आवाज फाटका होता, पण त्याचाच. मी टेकलो पलंगाच्या कडेवर. दोघंही चिखलाकडे बघत होतो.

"फाटकातून आलास?"

"फाटकातून आलो."

"बरं." मग श्वास गोळा करून, "तंगुसावर शिशाचे मणी फार खाली लावतोस. पलीकडून दिसायचं मला. निम्मे मासे तोंड लावून सोडून देतात."

"आणि तू त्या मेलेल्या नळाशी बसला होतास."

"नळ कोणी मारला?"

हेटी, कलम तोंडाशी आलं होतं ते मी गिळलं. ते कलम मला पाठ आहे. तो हसायला लागला, हसण्याचा खोकला झाला, आणि नर्स धावत आली. "ए राजा, तुला हसायला मनाई आहे ना?" असं त्याला म्हणाली आणि मला डोळ्यांनी बाहेर काढलं. दाराशी पोचलो तेव्हा त्याने हात वर केला. परत गेलो.

"हळद कमी घाल," म्हणाला. "तू फार घालतोस. बाबांची चिमूट होती." आणि मग, "बर्फ गेला की जा. मला येऊन सांग."

बर्फ सोळा तारखेला सुटला. मी पहाटेच गेलो, फाटकातून. खोल बैठकीवर बसलो, मणी वर सरकवले, हळद चिमूटभर. पाणी काळं होतं आणि बर्फाचे तुकडे फिरत होते. दुपारपर्यंत काही नाही. मग काडी हलली, बुडाली नाही, नुसती बाजूला सरकली, आणि मणी खाली असते तर मला ते कळलंही नसतं. छोटा रोच. छोटा म्हणजे बोटाएवढा. चांदीसारखा थंड. त्याला सोडताना मी त्याचा प्रत्येक खवला बघून घेतला, म्हणजे नीट सांगता यावं. मणी वर हवे होते हे मान्य करायचं मी वाटेत ठरवलं होतं. तुला ठाऊक आहे, मी असं सहसा ठरवत नाही.

इस्पितळात पोचलो तेव्हा पलंगावर नवी चादर होती. खुर्ची खिडकीशी तशीच.

ते मी कोणाला सांगितलेलं नाही, त्या रोचबद्दल. तुला सांगतो आहे.

तू विचारशील आता काय करतोस. तळ्यावर जातो. मार्चच्या मध्याला मासेमारीला बंदी लागेल, तोवर जाईन. बाबांची टोपली घेतो. खोल बैठकीवर जाऊन पाव आणि भांगेचं बी टाकतो, रोज, थोडं थोडं, त्याच्यासारखं. तिथे बसत नाही. परत येतो आणि नळाशी बसतो. तिथे मासा नाही हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. जेथ्रो काल धरणभिंतीकडे बघून म्हणाला, "ती जागा मोकळी का ठेवतोस रे?" मी म्हटलं, "कोणी येईल."

फाटक वाजलं की मी मागे वळत नाही. पाण्याकडे बघत राहतो आणि कान देतो, पावलं माझ्या मागे थांबतात का.

तुझा भाऊ,
क्लेम